सहावी ते आठवीची पोरं

आज संडे स्कूलला प्रेषितांच्या कृत्यांतला विसावा अध्याय. पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहतो, खिडकीत पेंगणारा युतुख तिसऱ्या मजल्यावरून पडतो. सातवीतल्या एकाने विचारलं, "सर, मग तरी थांबला का पौल?" नाही थांबला, वर जाऊन पहाटेपर्यंत बोलला. वर्ग खूप हसला. पण त्याआधी तो बोलणं सोडून खाली धावला होता, पोराला त्याने कवटाळलं होतं. हे मी त्यांना सांगितलं, आणि घरी येऊन वहीत लिहिलं.

*

या वयाची पोरं वर्गात टिकत नाहीत. ग्लासगोच्या विल्यम अलेक्झांडर स्मिथलाही हीच अडचण होती. मोठी मुलं संडे स्कूलला टिकेनात. स्मिथ स्वयंसेवक सैन्यदलात होता. तिथली शिस्त आणि आपला विस्कटलेला वर्ग, दोन्ही त्याच्या डोळ्यांपुढे. ४ ऑक्टोबर १८८३ रोजी त्याने बॉइज ब्रिगेड काढली. कवायत, खेळ, शास्त्रपाठ. कवायतीतल्या लाकडी बंदुका मला नकोत. मात्र पोरांतूनच त्याने नायक नेमले, ते मला पटतं.

*

आवाज फुटायचं वय. नाताळच्या गाण्यांत पहिल्या रांगेत असलेला मुलगा एकाएकी ओठ मिटून उभा राहतो. दोन रविवारांनी येतच नाही. आपण म्हणतो, वाया चालला. अरे, त्याचा गळा त्याच्या ताब्यात नाही! त्याला ढोलकी द्या, झांजा द्या. नारायण वामन टिळकांनी अभंगाच्या वळणाची भजनं दिली आहेत, ठेका धरणारा लागतोच.

*

बाहेर क्रिकेट. त्याच्याशी झगडू नये. उपासना संपल्यावर आपणही मैदानात जावं.

*

पाच हजारांच्या जेवणाच्या गोष्टीत जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या एका मुलाकडे होत्या. योहान त्याचं नावही देत नाही. आपण पोरांना नेहमी जेवणाऱ्यांत बसवतो.

*

कापणीच्या सणाचा लिलाव. भोपळे, अंडी, एक कोंबडा. पाळकसाहेबांना विचारून बोली पुकारायचं काम आठवीतल्या एका मुलाला दिलं. वर्षभर तो मागच्या बाकावर गप्प. पहिली बोली पुटपुटला. कोंबड्यापर्यंत त्याचा फाटका आवाज फाटकाबाहेर ऐकू येत होता. हिशेबाची वही दुसऱ्या दोघांकडे. बेरीज दोनदा करून आणली.

पुढच्या रविवारी तो उपासनेच्या अर्धा तास आधी आला. सतरंज्या कुठे ठेवल्यात, विचारत होता.