लॅपटॉपचा ताप नक्की सांगतंय कोण?

लिनक्सवर टर्मिनल उघडून ‘सेन्सर्स’ अशी कमांड दिली की चार-पाच तापमानं समोर येतात. मशीन एकच, पण आकडे एकमेकांशी जुळतीलच असं नाही. ताईचा सेकंडहँड लॅपटॉप काम करताकरता अचानक बंद पडायचा. ती सबटायटल्स करते, पैसे मिनिटांच्या हिशोबाने मिळतात. दुरुस्तीवाला म्हणाला, बोर्ड तापतोय, बदला. बोर्डाची किंमत ऐकून ताईने फोनच ठेवून दिला.

मागच्या बूटचा लॉग उघडला तर कर्नलने कारण लिहून ठेवलं होतं: तापमान धोक्याच्या पातळीला पोचलं म्हणून मशीन बंद केलं. आकडा १२८ अंश. हात लावला तर लॅपटॉप कोमट.

मग मी दोन दिवस सगळे आकडे दर दोन सेकंदांनी एका फाइलमध्ये लिहवून घेतले. शेवटच्या ओळीत प्रोसेसर ५२ आणि ‘एसीपीआय’चा थर्मल झोन १२८. त्याच्या आधीच्या ओळीत तोच झोन ५४. दोन सेकंदांत ७४ अंश? गॅसवर ठेवलेला तवासुद्धा एवढी घाई करत नाही.

हे दोन आकडे येतात वेगवेगळ्या तोंडून. इंटेलच्या प्रोसेसरमधला सेन्सर खरं तर तापमान सांगतच नाही. मर्यादेपासून आपण किती लांब आहोत तेवढं सांगतो. मर्यादा १०० असेल आणि तो ‘४८ बाकी’ म्हणाला, तर कर्नल वजाबाकी करून ५२ दाखवतो. थर्मल झोनचं प्रकरण जास्त सरकारी आहे. कर्नल फर्मवेअरला विचारतो, फर्मवेअर बहुतेक वेळा एम्बेडेड कंट्रोलर नावाच्या छोट्या चिपला. उत्तर येतं केल्व्हिनच्या दशांशात, म्हणजे शून्य अंशाला २७३२. कंट्रोलरने नुसतं शून्य पाठवलं तर तुमचा लॅपटॉप उणे २७३ अंशांवर असल्याचं दिसतं! आणि कर्नल अशा उत्तरावर विश्वास ठेवतो.

झोनची धोक्याची पातळी दुर्लक्षित करायला लावणारा एक कर्नल पॅरामीटर आहे. एका ओळीचं काम. प्रोसेसर फारच तापला तर स्वतःहून बंद पडण्याची सोय त्याच्या हार्डवेअरमध्ये असतेच. पण तो झोन बोर्डावरच्या आणखी कशावर लक्ष ठेवतोय, हे बाहेरून कळत नाही. ताई तासन्‌तास मशीन मांडीवर घेऊन बसते. मी ती ओळ लिहिली नाही.

लॅपटॉप बंद केला तरी कंट्रोलर जागा असू शकतो, म्हणून चार्जर काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं. फरक शून्य. शेवटी ‘एफडब्ल्यूअपडी’ चालवलं. लिनक्सवरून फर्मवेअर अपडेट करणारं हे टूल आहे, आणि आमच्या मॉडेलसाठी नवी आवृत्ती तिथे होती. बॅटरी भरून, चार्जर लावून अपडेट केलं. मध्येच लाइट गेली असती तर? बॅटरी होती, तरी प्रोग्रेस बार संपेपर्यंत दोघं गप्प बसलो होतो.

आता लॅपटॉप बंद पडत नाही. तो झोन मात्र सकाळ-संध्याकाळ २७.८ अंशच दाखवतो. केल्व्हिनच्या दशांशात हे बरोबर ३०१०, म्हणजे बहुधा कुणीतरी हाताने लिहून ठेवलेला आकडा. पंखा कामाप्रमाणे कमी-जास्त होतो, प्रोसेसरचे आकडेही हलतात.

“मग खरंच तापला तर?” ताईने विचारलं. तिला प्रोसेसरची ओळ कुठली ते दाखवलं. ती ओळ आता तिच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात कायम असते. लॅपटॉप मात्र ती पाटावर ठेवते.