कडक स्वभावाची जिप्सी

मारुती जिप्सी गोड बोलून कुणाला जवळ करत नाही. आत बसावं, चावी फिरवावी आणि पहिला खड्डा लागला की तिनं आपला स्वभाव सांगितलाच म्हणून समजावं. चारही चाकांना लोखंडी पाटे, पुढं-मागं एकसंध अ‍ॅक्सल, खाली वेगळी भक्कम चासी आणि तिच्यावर बोल्टांनी बसवलेली बॉडी. रस्त्यात जे असेल ते थेट मणक्यापर्यंत येतं. पत्रा पातळ, आवाज भरपूर, स्टिअरिंग जड. साठच्या पुढं ती कुरकुरायला लागते, ऐंशीला ओरडते. नव्या ड्रायव्हरसाठी तिचा हाच गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो. वेग वाढतोय हे ती लपवत नाही. आजच्या गुळगुळीत गाड्यांत शंभरचा वेग साठसारखा वाटतो, आणि एकोणीस-वीस वर्षांच्या पोराला तो तसाच वाटत राहतो.

तिचं घराणं जपानचं. सुझुकीच्या एसजे ४१० या गाडीचा लांब व्हीलबेसचा अवतार म्हणून ती १९८५ च्या डिसेंबरात आपल्याकडे आली. तेव्हा इंजिन ९७० सीसीचं, ताकद ४५ अश्वशक्तीची, गेअर चार. १९९३ मध्ये तिची डावी-उजवी चाकं एकमेकांपासून लांब सरकवली, पाय फाकवून उभं राहिल्यामुळं तोल सुधारला. १९९६ ला 'किंग' आली, १२९८ सीसी आणि पाच गेअर घेऊन. २००० मध्ये कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय आलं आणि ताकद ८० अश्वशक्तीवर गेली. एवढ्या साऱ्या वर्षांत तिच्यात झालेले मोठे बदल म्हणावे तर एवढेच. लष्करानं तिला हिमालयात नेलं, पोलिसांनी गल्लीबोळांत फिरवलं, 'रेड दे हिमालया'सारख्या शर्यतींत तिनं वर्षानुवर्षं नाव कमावलं. ताडोबाच्या गेटवर पर्यटक आजही सफारीसाठी 'जिप्सी'च मागतात, मग समोर कुठलीही गाडी उभी असो. २०१९ मध्ये सामान्य गिऱ्हाइकासाठी तिची विक्री थांबली. एबीएस, एअरबॅग आणि धडकचाचणीचे नवे नियम आले आणि त्या साच्यात ही जुनी बांधणी बसणारी नव्हती.

ही शेवटची गोष्ट मी मुद्दाम आधी सांगतो, कारण पोरांच्या हातात गाडी द्यायची तर ती सांगूनच द्यायला हवी. जिप्सीत एअरबॅग नाही. अंगानं ती अरुंद आणि उंच आहे, वळणावर जोरात घातली की आतलं चाक हलकं होतं. तिच्या आखूड व्हीलबेसच्या अमेरिकेतल्या बहिणीला, सामुराईला, १९८८ साली 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'नं उलटण्याच्या भीतीवरून नापास ठरवलं होतं. त्यावर कंपनीनं खटला भरला आणि तो २००४ मध्ये तडजोडीनं मिटला. वाद कुणीही जिंको, उंच आणि अरुंद गाडीचं भौतिकशास्त्र बदलत नाही. मागच्या बाजूला समोरासमोर दोन बाक असतात. त्यांवर मित्रमंडळी बसवून गडावर जाण्याची हौस प्रत्येक जिप्सीवाल्याला येते, आणि नेमकी हीच हौस सर्वांत घातक. आडव्या बसलेल्या माणसाला धडकेत धरून ठेवणारं काहीच नसतं.

तरीही माझ्या भाचीसाठी मी जिप्सीच सुचवली. कारण तिचा रस्ता वेगळा आहे. कृषी पदवी घेऊन ती राधानगरी तालुक्यातल्या आजोबांच्या शेतावर परतली. डांबरी रस्ता संपल्यावर तीन किलोमीटर जांभ्याची वाट, मध्ये एक ओढा, जून ते सप्टेंबर चिखल. तिथं साठचा वेग कुणालाच मिळत नाही. तिचं म्हणणं होतं, "मामा, थारच बघूया की, सगळ्या पोरी तीच चालवतात." मी म्हटलं, तू रोज कोल्हापूर-पुणे हायवे करणार असशील तर माझंही मत थारच. २०२० च्या ऑक्टोबरात आलेल्या नव्या थारला दोन एअरबॅग आणि एबीएस पहिल्यापासून आहेत, ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत तिनं चार तारे मिळवले, शिवाय ती नाशिकलाच बनते. २०२३ मध्ये आलेली पाच दारांची जिम्नीही त्याच कारणासाठी बघण्यासारखी. हायवेवर चालणाऱ्या मुलासाठी जुनी जिप्सी घेऊ नये. हे मी जिप्सीवर जीव असूनही म्हणतो. पण ओढा आणि जांभ्याची वाट हेच रोजचं असेल, खिसा मर्यादित असेल आणि बिघाड तालुक्याच्या गॅरेजात निघायला हवा असेल, तर तिच्याइतकी समंजस गाडी दुसरी नाही. वजन टनाच्या आतबाहेर, म्हणून चिखलात रुतली तरी दोन माणसं आणि एक फळी तिला काढतात. इंजिनात लपवाछपवी नाही. बॉनेट उघडलं की जमीन दिसते आणि पाना कुठंही पोहोचतो.

जुनी जिप्सी निवडायची म्हणजे तिचं वय बघायचं नाही, हाडं बघायची. रंग, हॅलोजन, पुढचा बुलबार, नवीन सीट कव्हर यांकडं ढुंकून बघू नये. तिचा खरा शत्रू गंज. समुद्रकाठच्या हवेत राहिलेली गाडी बाहेरून चकाचक असते आणि आतून संपलेली असते.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातले आमचे मिस्त्री आम्ही बघायला गेलेल्या पहिल्या गाडीजवळ गेले ते हातात स्क्रू-ड्रायव्हर आणि खिशात लोहचुंबक घेऊन. गडद हिरवी, पॉलिश केलेली, मोठ्ठे टायर. भाची तिच्या प्रेमात पडलेलीच होती. मिस्त्रींनी ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग उचललं. खाली नवा काळा रंग. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं ते ठोकत गेले. टण, टण, टण, आणि मग क्लचच्या खाली आवाज एकदम बसका. तिथं त्यांनी टोकानं जरा दाब दिला तर रंगाचा पापुद्रा सुटला, त्याखाली पुट्टी, पुट्टीखाली चाळण झालेला पत्रा. दाराखालच्या पट्टीला चुंबक लावलं तर ते घसरून पडलं. मग ते उताणे होऊन गाडीखाली गेले आणि चासीच्या शेपटाकडच्या भागावर, मागच्या पाट्यांची कडी जिथं लटकते तिथं, बोट फिरवून बाहेर आले. बोटावर लाल भुगा होता. पत्रा बदलता येतो, पण चासीच सडली असेल तर पैसे पुढं करू नयेत, इतकं ते भाचीला म्हणाले. तिनं परत त्या हिरव्या गाडीकडं बघितलंही नाही.

मोठ्या टायरांविषयी एक सांगून ठेवतो, कारण पोरांचा जीव त्यांच्यात अडकलेला असतो. किंगला मूळचे २०५/७० आर १५ चे टायर. त्याजागी ढोबळे टायर आणि खाली लिफ्ट किट घातलं की गाडी आणखी उंचावते, ब्रेकला जास्त ओझं ओढावं लागतं, स्पीडोमीटर खोटं बोलतो, पुढच्या अ‍ॅक्सलचे सांधे लवकर झिजतात. वर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं असले बदल चालत नाहीत, आणि अपघातानंतर विम्याच्या वेळी त्याचा हिशेब निघतो. मूळ रूपात राहिलेली जिप्सी दिसायला साधी असते. नव्या ड्रायव्हरनं तीच शोधावी.

दुसरी गाडी चंदगडकडच्या एका काजू-बागायतदाराची. फिकट पांढरी, एका दाराला चेपलेला खड्डा, २००८ ची. मॅट कोरडं, पत्रा सगळीकडं टणटणीत. मिस्त्रींनी मालकाला आधीच फोनवर सांगितलं होतं, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. गार इंजिन चालू करताना जे दिसतं ते तापलेल्या इंजिनात दिसत नाही. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थांबेचना तर हेड गॅसकेटची शंका. ही एका चावीत लागली आणि दोन मिनिटांत सायलेन्सर स्वच्छ.

मग नकल. पुढच्या चाकांना वळवणारा सांधा किंगपिनच्या बेअरिंगांवर फिरतो. ती झिजली की ठरावीक वेगात, बहुतेकदा साठच्या आसपास, एखादा छोटा खड्डा निमित्त होतो आणि स्टिअरिंग थंडीतापाच्या माणसासारखं हुडहुडायला लागतं. नवखा ड्रायव्हर घाबरून करकचून ब्रेक दाबतो. म्हणून जॅकवर चाक उचलून, वर-खाली धरून हलवून बघायलाच हवं. या गाडीत तिथं थोडा खेळ निघाला. बेअरिंगं आणि सील बदलण्याचा खर्च आम्ही किमतीतून वजा करून घेतला.

शेवटी शेतात नेऊन फोर-व्हील टाकला. पुष्कळ जिप्स्यांत तो लीव्हर वर्षानुवर्षं कुणी हलवलेलाच नसतो. जिप्सीचा ट्रान्सफर केस गेअरबॉक्सपासून वेगळा, रबरी माउंटिंगवर टांगलेला. माउंटिंग फाटली की लीव्हर थरथरतो आणि कधी गेअर सुटतो. हिचा लीव्हर 'लो'मध्ये खटकन बसला आणि नांगरटीत गाडी नुसत्या क्लचवर, अ‍ॅक्सिलरेटर न देता, चालू लागली. स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवली तेव्हा पुढून कटकट आली नाही, म्हणजे अ‍ॅक्सलचे बाहेरचे सांधे शाबूत.

कागदांचं काम कंटाळवाणं, पण पोराच्या नावावर गाडी करताना तिथं घाई करू नये. आरसीची मुदत पंधरा वर्षं. पुढं पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण, त्यासाठी फिटनेस आणि पर्यावरण कर. नूतनीकरणाची फी २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झाली. या गाडीचं नूतनीकरण झालेलं होतं, २०२८ पर्यंतचं. दिल्लीत पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांना बंदी घातली गेली, म्हणून तिकडच्या जिप्स्या स्वस्तात इकडे येऊ लागल्या. पण ना-हरकत, इथला रोड टॅक्स आणि नवी नोंदणी धरली की स्वस्ताई बरीच वितळते. लष्करी लिलावातली असेल तर लिलावाचा कागद आणि चासीवर कोरलेला नंबर अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. जुळला नाही तर गाडी कितीही आवडो, परत फिरावं.

घेतल्यावर भाचीला पहिली शिकवण डांबरावरची दिली. डांबरी रस्त्यावर फोर-व्हील टाकायचा नाही. जिप्सीत पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलला जोडणारा सांधा मधे सैल सोडणारा डिफरन्शिअल नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठं वर्तुळ काटतात. चिखलात चाक जरा घसरून तो फरक भागवतं, कोरड्या डांबरावर घसरायला जागा नसते. मग सगळा ताण शाफ्ट आणि गेअरांत साठतो, गाडी जखडते आणि लीव्हर निघता निघत नाही. हे तिला एकदा सांगितलं आणि मग खळ्यातल्या घट्ट जमिनीवर हळूच करून दाखवलं. स्टिअरिंग हातात आखडलेलं तिला कळलं.

दुसरी शिकवण उताराची. ओढ्याकडं उतरताना 'लो'चा पहिला गेअर, दोन्ही पाय पेडलवरून बाजूला. इंजिनच गाडीला मागं धरून ठेवतं. पहिल्यांदा पाय उचलायला धीर लागतो. ब्रेक दाबला की निसरड्या जांभ्यावर चाक अडतं आणि गाडी तिरकी होते. जिप्सी हे फार कमी वेगात, पायी चालण्याच्या वेगात दाखवते. चूक झाली तर बांधाला टेकते. हेच चुकणं जास्त ताकदीच्या गाडीत तिप्पट वेगानं होतं. ओढ्यात शिरण्याआधी उतरून काठीनं पाणी मापायचं, पाण्यात गेअर बदलायचा नाही, क्लच अर्धा दाबून ठेवायचा नाही. पाणी वाहतं असेल आणि गुडघ्याच्या वर असेल तर गाडी वळवून घरी यायचं.

लिटरला दहा-अकरा किलोमीटर देते. पेट्रोलचा भाव बघता हे भाचीला जड जातं, आणि त्यामुळं ती उगाच फिरत नाही. गगनबावड्याच्या घाटात तिला अजून एकटी जाऊ देत नाही मी. करूळचा घाट आधी माझ्याशेजारी बसून, पावसाळा संपल्यावर. नकलची बेअरिंगं बदलून झाली. पुढचे सीट बेल्ट नवे घातलेत. या महिन्यात पाट्यांची बुशं आणि मागच्या ड्रमचे ब्रेक शू बदलायचेत. मागचे दोन्ही बाक आम्ही उचलून माळ्यावर टाकलेत आणि त्यांच्या जागी भाजीचे क्रेट बांधायला कड्या मारल्यात. आमच्या जिप्सीत माणसं दोनच बसतात.