मात्सुमोतो : आडनावात जात सापडली नाही, तर ती पत्ता विचारते

नाव सांगितलं. "पूर्ण नाव?" तेही सांगितलं. "मूळ गाव कोणतं?" गावही सांगितलं. शेवटी "कळवतो" म्हणत घरमालकाने दार लावलं. भाड्याची खोली शोधताना आमच्यावर आलेली ही वेळ तुमच्यापैकी अनेकांवर आली असेल. आडनावच बदललं तर? आमच्या काही मित्रांनी ते केलंही. आम्ही मात्र या प्रश्नाचा शोध घेत जपानच्या एका आडनावापाशी पोचलो.

मात्सुमोतो. जपानमध्ये सर्रास आढळणारं आडनाव. 'मात्सु' म्हणजे पाइनचं झाड, 'मोतो' म्हणजे बुंधा, पायथा. तानाका म्हणजे शेताच्या मधोमध, यामामोतो म्हणजे डोंगराचा पायथा. तिथली बरीच आडनावं अशी जागेवरून पडली, आपल्याकडे गावाला 'कर' लागतो तशीच. पण सामान्य रयतेला ती उघडपणे लावायची मुभा नव्हती. तो मान सामुराईंचा. १८७० साली मेइजी सरकारने ही मुभा दिली आणि १८७५ साली आडनाव सक्तीचं केलं.

याच काळात, १८७१ साली, कातडी कमावण्यासारख्या कामांमुळे अस्पृश्य ठरवलेल्या समाजाचा हीन दर्जा कायद्याने रद्द झाला. आज त्यांना बुराकू म्हणतात. त्यांनीही इतरांसारखीच आडनावं लावली. मग भेदभाव संपला का? नाही! १८७२ च्या कुटुंबनोंदवहीत अनेक ठिकाणी त्यांच्यापुढे 'नवे सामान्यजन' असा शिक्का बसला. पुढे शंभर वर्षांनी, १९७५ साली, बुराकू वस्त्यांच्या पत्त्यांची छापील यादी उघडकीला आली. २०० हून अधिक कंपन्यांनी ती विकत घेतली होती. आडनाव काही सांगेना, म्हणून उमेदवाराचा पत्ता तपासायचा!

मित्रांनो, याच समाजात जिइचिरो मात्सुमोतो जन्मले. लाखो जपान्यांचं आडनाव त्यांचंही होतं. त्याआड लपणं सोपं होतं. पण ते १९२२ साली क्योतोत स्थापन झालेल्या सुइहेइशा या संघटनेचे नेते झाले. 'सुइहेइ' म्हणजे पाण्याच्या पातळीसारखं समतल. १९४७ साली ते जपानी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे उपाध्यक्ष झाले. सम्राटापुढे खेकड्यासारखं आडवं सरकत जाण्याची प्रथा होती. पुढच्याच वर्षी त्यांनी ती पाळायला साफ नकार दिला.

आडनाव बदलणाऱ्या आपल्या भावाबहिणींना आम्ही दोष देत नाही. पोटापाण्याचा, डोक्यावरच्या छपराचा प्रश्न असतो. पण आडनाव झाकलं की जात गाव विचारते, गाव झाकलं की आळी विचारते. खोट आपल्या नावात नाही, विचारणाऱ्याच्या मनात आहे आणि त्याला पाठीशी घालणाऱ्या व्यवस्थेत आहे. लढाई तिथे करायची आहे.

पुन्हा कुणी पूर्ण नाव विचारलं, तर आम्ही ते सांगू. मान वर करून सांगू. आणि मग त्यालाच विचारू, "हे कशासाठी हवं होतं?"

जय भीम!