परक्या भिंतीतला खिळा

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपल्याकडे म्हणतात. यांपैकी लग्न मी अठरा वर्षांपूर्वी करून पाहिले. घर मात्र बांधून पाहिले नाही, की बांधलेले विकत घेऊनही पाहिले नाही. त्रेचाळिशी आली तरी मी आपला बिऱ्हाडकरूच.

या अठरा वर्षांत आम्ही सात बिऱ्हाडे केली. अहेरी, आलापल्ली, एटापल्ली असे करीत करीत भामरागडला पोहोचलो, आणि आता पर्लकोटा नदीच्या अलीकडे, हेमलकशाला, दोन खोल्यांत राहतो. १९७३ साली बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेच हे हेमलकसा. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, तसे आमचे ट्रॅक्टरवर. मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही. उलट एक चोरटा अभिमानच होता. छप्पर गळले की घरमालकाला सांगावे, शेजार पटला नाही की जागा बदलावी. लेखकाने कशात अडकून पडू नये, असे एक सोयीस्कर तत्त्वज्ञानही मी त्याला जोडून दिले होते. माझ्या दोन कादंबऱ्यांचे नायक शेवटच्या प्रकरणात घर सोडून निघून जातात, ते काही उगीच नव्हे.

यंदा मुलगी दहावी झाली. पुढच्या शिक्षणासाठी तिला चंद्रपूरला ठेवायचे ठरले, आणि त्याच संध्याकाळी हिने विषय काढला.

“अहो, चंद्रपूरला दोन खोल्यांची जागा पाहिलीत तर?”

“भाड्याने?”

“विकत.”

मी मराठीचा मास्तर; गणिताचा नव्हे. तरी त्या रात्री वहीची चार पाने आकडेमोडीत गेली. कर्ज २० लाख. व्याज साडेआठ टक्के. मुदत १५ वर्षांची, कारण अठ्ठावन्नाव्या वर्षी माझी नोकरी संपते. महिन्याचा हप्ता १९,६९५ रुपये, आणि बँकेला परत जायचे एकूण ३५ लाख ४५ हजार. इथल्या दोन खोल्यांचे भाडे अडीच हजार. ते उद्यापासून दुप्पट झाले असे धरले, तरी पंधरा वर्षांत ९ लाख होतात. मी वही विजयाने हिच्यापुढे सरकवली. हिने ती पाहिली आणि म्हणाली, “३५ लाखांच्या शेवटी घर उरते. ९ लाखांच्या शेवटी काय, पावत्या?”

वाचक म्हणतील, मग इथेच का घेत नाही? इथली जमीन बहुतेक आदिवासींची. शासनाच्या परवानगीवाचून आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला घेता येत नाही. जमीन महसुलाच्या कायद्यात १९७४ साली तशी तरतूद झाली. ती झाली हे योग्यच झाले. नाहीतर रस्त्याकडेची सगळी जमीन केव्हाच व्यापाऱ्यांच्या आणि माझ्यासारख्या मास्तरांच्या नावावर चढली असती. पण त्यामुळे माझ्यापुरता प्रश्न निराळा झाला. चंद्रपूरला घर घ्यायचे म्हणजे, ‘मी इथला नव्हे’ या कागदावर आपणच सही करायची. खरी भीती हप्त्याची नव्हती, ती या सहीची होती.

हे हिला सांगण्याचे धैर्य झाले नाही. म्हणून मी माडियांचा दाखला पुढे केला. “ही माणसे पाहा,” मी म्हटले. “लाकडाचे खांब, बांबूच्या भिंती, वर मातीचा लेप. पूर्वी पेंडा शेती करीत तेव्हा जमीन थकली की नव्या जागी जात. घर नावावर नाही म्हणून यांची कधी झोप उडाली आहे?”

शेजारचा म्हातारा माडिया आमच्या अंगणात टोपलीसाठी बांबू सोलत बसला होता. मराठी बोलताना तो अहो-जाहोच्या भानगडीत पडत नाही. मान वर न करताच तो म्हणाला, “घर मोडते, मास्तर. गोटा राहते. तुझा गोटा कुठं आहे?”

इकडे गोटा म्हणजे दगड. भामरागडच्या बाजूला गावाबाहेर उभे दगड दिसतात. माडियांनी ते आपल्या मृतांसाठी रोवलेले असतात. त्याचे घर पडले तर तो दुसरे उभारील, कारण ज्या भुईवर ते उभारायचे ती त्याची, ते रान त्याच्या वाडवडिलांचे. त्या रानावरचा हक्क कागदावर यायला २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला, ही गोष्ट वेगळी. मी ज्याचा दाखला दिला त्याच्याजवळ घर सोडून बाकी सगळे होते. माझ्याजवळ घरही नव्हते, आणि बाकीचेही.

तरीही मी हटलो नसतो. हटलो तो एका ट्रंकेमुळे.

२०१९ सालापासून आमच्या घरी एक शिरस्ता पडला आहे. पावसाळ्यापूर्वी ट्रंका उंचावर चढवायच्या. त्या वर्षी आम्ही भामरागडात होतो. इंद्रावती फुगली की पर्लकोटेचे पाणी मागे फिरते आणि गावात शिरते. ते आमच्या खोलीतही शिरले. मी माझ्या कादंबरीचे बाड डोक्यावर घेऊन निघालो. ट्रंक हिने ओढली. पाणी ओसरल्यावर हिने आठ दिवस चिखल खरवडला, स्वतःच्या साठवणीतून भिंतींना चुना दिला. पुढच्याच महिन्यात घरमालकाने खोल्या मागितल्या.

यंदा तीच ट्रंक चढवताना कडी निखळली आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेली एक तसबीर बाहेर आली. हिच्या वडिलांची. लग्नात माहेरून आणलेली.

“ही कधी भिंतीवर पाहिली नाही,” मी म्हटले.

“खिळा मारायला घरमालकाला विचारावे लागते,” ही म्हणाली. “पहिल्या घरात विचारले होते. नको म्हणाले. मग नाही विचारले.”

अठरा वर्षे, सात घरे, आणि एक खिळा नाही! मला वाटत होते, आम्ही दोघेही मोकळे आहोत. मोकळा होतो तो मी. माझे सगळे सामान डोक्यात मावत होते; हिचे ट्रंकेत होते.

जूनमध्ये इसार दिला. दसऱ्याला ताबा मिळाला. दिवाळीनंतर ही मुलीजवळ चंद्रपूरला राहील, आणि बदली होईपर्यंत मी इथेच, या दोन खोल्यांत. तेव्हा घर घेतले आणि संसाराचे दोन भाग झाले, असेही कुणी म्हणेल. त्याला माझ्याजवळ उत्तर नाही. हप्त्याची धास्तीही गेलेली नाही. पहिला भरला, अजून १७९ राहिले. आणि म्हाताऱ्याने विचारलेला गोटा चंद्रपूरच्या तिसऱ्या मजल्यावर सापडेल, अशीही माझी समजूत नाही.

ताबा घेतला त्या दिवशी ही रिकाम्या खोलीत भिंतीवरून हात फिरवीत उभी होती. बराच वेळ तिने जागा ठरवली. “इथे,” ती म्हणाली.

माझा पहिला खिळा वाकला. दुसराही वाकला. नव्या भिंतीचा गिलावा चांगला रुपयाएवढा उडाला. आम्ही दोघांनीही सवयीने दाराकडे पाहिले. कुणी आले नाही.