सहा तासांना दहा मिनिटे कमी

मराठीत प्रवासवर्णन हा साहित्यप्रकार विपुल लिहिला गेला, आणि त्याची समीक्षाही बऱ्यापैकी झाली. परंतु मराठी मुलखात रोजच्या रोज जी प्रवासवर्णने लिहिली जातात त्यांची मोजदाद कोणी केली, तर सर्वाधिक संख्या प्रवासभत्त्याच्या देयकांची भरेल, याविषयी आम्हांस शंका नाही. प्रस्थान, आगमन, वाहन, अंतर, मुक्कामाचा अवधी आणि प्रवासाचा हेतू एवढ्या मोजक्या रकान्यांत बसणारे हे वर्णन. त्यात निसर्ग नाही, सहप्रवासी नाहीत, 'मी' तर मुळीच नाही. लेखकाने खाली सही करावी, नियंत्रक अधिकाऱ्याने प्रतिस्वाक्षरी करावी, आणि मग ते लेखाशाखेत आमच्यासारख्या वाचकाच्या हाती पडावे, हा त्याचा प्रकाशनव्यवहार.

आमची उभी नोकरी हे वाङ्मय वाचण्यात गेली. खाते केंद्र सरकारचे होते, यापलीकडे त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. निवृत्तीनंतर आम्ही केळव्यास एका वाडीतल्या दोन खोल्यांत राहावयास आलो. पहाटे सुरूच्या बनातून फिरावे, वाळूत निम्मा रुतलेला भुईकोट ओलांडून पाण्यातल्या कोटाकडे पाहत बसावे, परतताना शीतलादेवीचे दर्शन घ्यावे, असा दिनक्रम. येथे राहावयास येण्याआधी केळवे हे गाव आम्हांस केवळ एका देयकामुळे ठाऊक होते. त्या देयकाविषयी लिहावयाचे आहे. परंतु त्याआधी नियमांविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे.

प्रवासभत्त्याचे नियम रूक्ष असतात हा समज ज्यांनी ते वाचलेले नाहीत त्यांचा आहे. १ जानेवारी १९२२ पासून अमलात आलेले मूलभूत नियम आणि त्यांना जोडलेले पूरक नियम हा केंद्राच्या भत्त्यांचा पाया. आपल्या राज्यात प्रवासभत्त्यासाठी मुंबई नागरी सेवा नियम, १९५९ हे त्यांचे भावंड. या सर्वांच्या मुळाशी एक सूत्र आहे : भत्ता हा घेणाऱ्याला एकंदरीत नफ्याचे साधन होता कामा नये. सूत्रातील 'एकंदरीत' हा शब्द विचारपूर्वक घातलेला आहे. एखाद्या फेरीत चार रुपये सुटतील, एखाद्या फेरीत पदरचे जातील. सरासरीने हिशेब बरोबर व्हावा. आमचे विष्णुभट गोडसे वरसईहून उत्तरेस निघाले ते घरचे कर्ज फिटावे म्हणून, म्हणजे उघडउघड नफ्यासाठी. आणि सत्तावनच्या धामधुमीत लुटले जाऊन परतले. त्यांच्या 'माझा प्रवास'ला हे सूत्र अगदी उलट बाजूने लागू पडते.

या सूत्रामागे इतिहासही आहे. पेशवाईच्या कागदपत्रांत 'मसाला' हा शब्द येतो, तो स्वयंपाकातला नव्हे. सरकारी प्यादा ज्याच्याकडे धाडला जाई, त्याच्याकडूनच त्या प्याद्याच्या येण्याजाण्याचा खर्च वसूल होई, तो मसाला. पुढे साहेबाची छावणी गावाबाहेर पडे तेव्हा गाड्या, गवत, कोंबड्या, अंडी गावाने पुरवावयाची. म्हणजे सरकार फिरे आणि गाव खर्च सोसे. सरकारी माणसाने आपल्या पोटाचा भार ज्याच्याकडे गेलो त्याच्यावर टाकू नये, म्हणून त्याला भत्ता द्यावयाचा, ही कल्पना या जुन्या रीतीच्या तुलनेत फार मोठी सुधारणा आहे. भत्त्याचा कागद छाटताना आपण कशाला कात्री लावीत आहोत हे आम्हांस त्या वेळी एवढ्या स्पष्टपणे दिसत नव्हते.

पूरक नियमांतील व्याख्या तर वाचनीय आहेत. दिवस म्हणजे मध्यरात्री सुरू होऊन मध्यरात्री संपणारा. परंतु मुख्यालयाबाहेरील अनुपस्थिती चोवीस तासांच्या आतली असेल तर ती कोणत्याही वेळी सुरू होवो वा संपो, तो एकच दिवस. मुख्यालयापासून आठ किलोमीटरच्या त्रिज्येबाहेर पाऊल पडेपर्यंत दैनिक भत्ता नाही. अंतर त्रिज्येचे, रस्त्याचे नव्हे, म्हणजे माणूस चालतो वळणावळणाने आणि नियम मोजतो पाखरासारखे. आणि आमच्या नोकरीच्या काळात, पाचव्या वेतन आयोगानंतर, अनुपस्थिती सहा तासांपर्यंत असल्यास दैनिक भत्ता शून्य, सहा ते बारा तास असल्यास सत्तर टक्के, बारा तासांवर पूर्ण.

१९९९ सालच्या पावसाळ्यातील ही गोष्ट. आमच्या खात्याचे एक कर्मचारी पालघर मुख्यालयी होते. खांद्यावर सरकारी उपकरणांची पेटी घ्यावयाची, नेमून दिलेल्या गावी जावयाचे, नोंदी घ्यावयाच्या आणि परतावयाचे, हे त्यांचे काम. जुलैतील एका दिवसाचे त्यांचे देयक आमच्यापुढे आले. पालघरहून केळव्यास जाण्याचा सरळ मार्ग माहीमवरून, बसने. या गृहस्थांनी मात्र आगगाडीने केळवे रोड स्थानकापर्यंत जाऊन तेथून केळवे गावापर्यंत पायी प्रवास केल्याचे लिहिले होते, आणि तसेच परत. ज्यांना हा भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, की केळवे रोड हे स्थानक नावापुरते केळव्याचे. गाव तेथून सात-आठ किलोमीटर पश्चिमेस, समुद्रालगत. शेऱ्याच्या रकान्यात एक ओळ होती : अतिवृष्टीमुळे माहीममार्गे बस नाही. प्रस्थान ७.२०, आगमन १३.१०. म्हणजे पाच तास पन्नास मिनिटे.

आम्ही त्यावर दोन आक्षेप घेतले. पहिला, सर्वांत जवळचा मार्ग सोडून अन्य मार्गाने प्रवास, बस बंद असल्याचा दाखला जोडलेला नाही. सबब केवळ बसभाडे मंजूर, उर्वरित मागणी अवाजवी. दुसरा, अनुपस्थिती सहा तासांपेक्षा कमी. दैनिक भत्ता अनुज्ञेय नाही. हिरव्या शाईतील आमचे अक्षर त्या काळी सुबक होते.

पंधरा दिवसांनी ते स्वतः कार्यालयात आले. उंच, सडपातळ, पन्नाशीला टेकलेले. आमच्या शेजारच्या टेबलावरील लेखनिकाने त्यांना कळकळीने सल्ला दिला, की नवे देयक द्या, परतीची वेळ १३.३० लिहा, सत्तर टक्के मिळून जातील. वीस मिनिटे कोण बघतो? त्यावर ते म्हणाले, "गाडी एकला आली, दहा मिनिटांत मी पेटी जमा केली. दीड कसे लिहू?" मग आमच्याकडे वळून म्हणाले, "साहेब, पैशांचं नियमात बसत नसेल तर राहू द्या. फक्त तो 'अवाजवी' शब्द तेवढा काढा. मी चालत गेलो होतो."

आम्ही शब्द काढला नाही. एकदा नोंदलेला आक्षेप दाखल्यावाचून मागे घेता येत नाही, असे सांगितले. ते नमस्कार करून गेले.

त्याच महिन्यात आमच्या टेबलावरून आणखी एक देयक गेले होते. वरिष्ठ अधिकारी, शुक्रवारी बोईसरला काम, शनिवार-रविवार सुटी, सोमवारी पुन्हा बोईसरला काम, आणि मधले दोन दिवस मुक्काम केळवे. सुटीच्या दिवशीही कर्मचारी दौऱ्यावर प्रत्यक्ष मुक्कामी असेल तर दैनिक भत्ता मिळतो, असा नियम आहे. ते प्रत्यक्ष मुक्कामी होते यात शंका नव्हती. समुद्रकिनारी कोण असणार नाही? वाहन, वेळा, पावत्या, प्रतिस्वाक्षरी, सारे चोख. आम्ही ते एकही खूण न करता मंजूर केले. त्यात खोटे काही नव्हते, हे येथे नमूद केले पाहिजे. परंतु एक देयक लिहिताना लेखकाला नियम ठाऊक होता, आणि दुसरे लिहिताना लेखकाला फक्त घडलेले ठाऊक होते, हा फरक वाचकाने ओळखावयास हवा होता.

केळव्यास राहावयास आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात आम्ही एकदा केळवे रोडपासून गावापर्यंत चालत आलो. रिक्षा उभ्या होत्या. चालकांनी दोनदा विचारलेही. हातात केवळ छत्री होती, पेटी नव्हती. दोन्ही बाजूंस भाताची खाचरे, पुढे वाड्या, पानवेलींचे मांडव, माडांची गर्दी. आम्हांस पावणेदोन तास लागले आणि वाटेत तीन वेळा बसावे लागले. घरी येऊन पाय शेकत असता आम्ही पूरक नियमांचे जुने पुस्तक काढले. ते अद्याप जवळ आहे. सर्वांत जवळच्या मार्गाचा नियम आम्हांस तोंडपाठ असल्याचा आमचा समज होता. पुस्तकात मात्र त्या नियमाचे दुसरे वाक्य होते, जे आम्ही नोकरीत शेकडो वेळा ओलांडून गेलो असू. त्याचा आशय असा : सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे ज्या मार्गाने प्रवासी नेहमीच्या साधनांनी सर्वांत लवकर इष्टस्थळी पोचू शकतो तो.

अंतराने नव्हे, वेळेने जवळचा! बस येत नसलेल्या त्या दिवशी माहीमचा मार्ग कागदावर कितीही सरळ असला तरी जवळचा नव्हता. आगगाडीचा आणि पायवाटेचा होता. नियम त्या गृहस्थांच्या बाजूने उभा होता. शंका होतीच, तर दाखला मागवून देयक थांबविता आले असते. त्यासाठी माणसाला खोटे पाडण्याची गरज नव्हती. साहित्यात आपण म्हणतो, की संहितेत असते त्यापेक्षा कमी वाचणारा वाचक हा संहितेचा शत्रू. आम्ही तसे वाचक निघालो. नियम रूक्ष असतात, नोकरशाही निर्दय असते, असली विधाने करून आम्हांस सुटता येत नाही, कारण या ठिकाणी नियम आमच्याहून समंजस होता.

सहा तासांविषयी मात्र तसे म्हणता येत नाही. तेथे दोष नियमाचाच होता. पाच तास पन्नास मिनिटांना शून्य आणि सहा तास दहा मिनिटांना सत्तर टक्के, अशी भिंत जेथे उभी केली जाते, तेथे घड्याळे आपोआप पुढे जाऊ लागतात. आमच्या नोकरीत सहा तास पाच ते सहा तास तीस मिनिटे या पट्ट्यातील देयके आम्ही असंख्य पाहिली; सहाच्या किंचित आतली फार थोडी. सारा देश एवढ्या नेमक्या वेळी कसा परततो, हा प्रश्न आम्हांस कधी पडला नाही. जो खरी वेळ लिहितो त्याला दंड आणि जो वीस मिनिटे वाढवतो त्याला भत्ता, असा तो नियम कोणाच्याही मनात नसता खोटे शिकवीत होता. सातव्या वेतन आयोगानंतर, जुलै २०१७ च्या आदेशाने, सहा तासांच्या आतील अनुपस्थितीलाही तीस टक्के मिळू लागले. पायी प्रवासाचा दर, जो आमच्या काळी पैशांत मोजावा इतका होता, तो किलोमीटरला बारा रुपये झाला. कोणीतरी, कोठेतरी, चालणाऱ्या माणसाचा विचार केला होता. आम्ही तोवर निवृत्त झालो होतो.

भिंत पाडली तरी पायरी उरतेच, हे आम्हांस कळते. तीस आणि सत्तर यांच्या मध्येही कोणाचे तरी घड्याळ पुढे सरकत असेल. प्रत्येक मिनिटाचा हिशेब करणारा नियम कोणी लिहू शकणार नाही, आणि लिहिला तरी तो राबविण्याचा खर्च भत्त्याहून अधिक होईल. म्हणून कोठेतरी रेघ ओढावीच लागते. आमचे म्हणणे एवढेच, की रेघेच्या अलीकडे राहिलेल्या माणसाला पैसे नाकारणे आणि त्याला खोटे ठरविणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली नियमाने करावयास लावली, दुसरी आम्ही आपखुशीने केली. 'अनुज्ञेय नाही' हे शब्द हाताशी असताना 'अवाजवी' लिहिण्याची गरज कोणत्याही नियमात सांगितलेली नाही. तो शब्द आमचा होता.

त्या दिवशी केळव्यात त्यांनी काय खाल्ले असेल, हा विचार अलीकडे मनात येतो. भत्ता नाही म्हणजे जेवण पदरचे, किंवा एखाद्या वाडीत कोणी पुढे केलेला चहा आणि शहाळे. म्हणजे तो जुना मसालाच, फक्त मागून न घेतलेला.

ते देयक आणि आमची आक्षेपांची नोंदवही जतनाची मुदत संपल्यावर नष्ट करण्यात आली असणार, तेही नियमानेच. तो शब्द आता फार तर दोघांच्या स्मरणात उरला आहे, आणि त्यांपैकी एकाने तो विसरला असावा अशी आमची इच्छा आहे. मार्च २०१८ पासून दौऱ्याचे देयक सादर करण्याची मुदत एक वर्षावरून साठ दिवसांवर आणली गेली. आक्षेप मागे घेण्यास मात्र कोणतीही मुदत आम्हांस पुस्तकात आढळली नाही. म्हणून हे येथे लिहीत आहोत : जुलै १९९९, पालघर ते केळवे व परत, रेल्वेने व पायी. मागणी वाजवी होती.