मिरगाचं साल

आमच्या आजीनं उभ्या जन्मात कॅलेंडर वाचलं नाही, पण सालं तिला नावानिशी पाठ होती. ‘सुकडीचं साल’ म्हणजे 1972 चा दुष्काळ. खडी फोडायला गेलेल्या बायाबापड्यांना कामावर सुकडी मिळायची, म्हणून ते नाव. ‘रझाकाराचं साल’ म्हणजे 1948. आमचं गाव खर्ड्याच्या अंगाला, निजामाची हद्द लागूनच. त्या साली पलीकडची माणसं बैलगाड्यांत चीजवस्तू घालून इकडं आसऱ्याला आली होती.

म्हातारपणाच्या पगाराचा अर्ज भरायची वेळ आली. वय 65 च्या वर पाहिजे होतं. शाळेचा दाखला नाही, जन्माची नोंद सापडेना. औषधापाण्याला पोरांपुढं हात पसरायला नको, एवढ्यासाठी तिला तो पगार हवा होता. कारकुनानं विचारलं, “आजी, जन्मसाल?”

“आता साल कुठलं सांगू बाबा? रझाकाराच्या साली लगीन झालं, तवा बाराची व्हते. मिरगात जल्मले, असं आई म्हनायची.”

मागं रांगेत कुणीतरी हसलं. मी तेव्हा मोडी शिकत होतो. मला पेशवाईतले कागद आठवले. त्यांतही सालं अशीच लिहिलेली.

खर्ड्याची लढाई 11 मार्च 1795 ची. पंचांगानं ते शके 1716, आनंदनाम संवत्सर. सारावसुलीच्या हिशोबानं फसली 1204. आणि मराठी दप्तरात शुहूर सन 1195. तो लिहायचा अरबी शब्दांत, एकम आधी: खमस तिसैन मया व अलफ. म्हणजे पाच, नव्वद, शंभर आणि हजार. लढाई एक, सालं चार.

इतकी सालं कशाला? हिजरी वर्ष चंद्रावर चालतं, 354 दिवसांचं. दर साली ते अकराएक दिवस मागं सरकतं. सारा मात्र पीक हाती आल्यावरच मिळणार. म्हणून शुहूर आणि फसली सूर्यावर बांधले. शुहूर सन तर सूर्य मृगात आला की बदलायचा, त्याला मृगसालच म्हणत. सरकारचं वर्ष कुणब्याच्या पेरणीबरोबर उजाडायचं.

संवत्सरांची नावं साठ, ती फिरून फिरून येतात. शिवराज्याभिषेकाचं शके 1596 हेही आनंदनामच. म्हणून नावाजोडीला आकडा लागतो. नेवाशाला ज्ञानेश्वरी झाली ती शके 1212 मध्ये. त्यात 78 मिळवले की इसवी सन 1290 निघतो. आजीच्या बोलण्यातही दोन्ही होतं. साल रझाकाराचं, आकडा बारा. मी कागदावर 1948 मधून 12 वजा केले. 1936.

कारकून भला माणूस. त्यानं हिशोब पुन्हा मांडून पाहिला, डॉक्टरकडून वयाचा दाखला आणायला सांगितला. दाखला जुळला. अर्जावर तारीख पडली 1 जून 1936. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचा जन्म 1 जूनचाच. जूनमध्ये शाळा भरायची, गुरुजी तीच तारीख टाकायचे.

घरी येताना आजीनं विचारलं, “काय लिव्हलं रं?”

“एक जून.”

“मिरुग तर सातला निघतो,” ती म्हणाली. “असू दे. हप्ताभर आधीच आले म्हनायचं.”

पुढं दर महिन्याचा पगार ती स्वतःच्या हातानं मोजून घ्यायची.