मी, माझं नाव आणि ७३ कागद

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मध्ये दोघा-तिघांनी विचारलं की ब्लॉग बंद केलास का. नाही हो, बंद कशाला करीन? पण गेले तीन महिने शनिवार-रविवार मी क्लासला जात होते आणि उरलेले पाच दिवस बँकेत नोटा मोजून झाल्या की रात्री कागद मोजत होते. क्लास अ‍ॅनिमेशनचा. वय वर्षं ५२. वर्गातली बाकीची मंडळी माझ्या लेकीच्या वयाची, त्यामुळे पहिल्या दिवशी "काकू, पेरेंट्स बाहेर थांबतात" हे ऐकून झालं. असो.

तर शेवटी प्रत्येकाने एक हलतं पोस्टर करायचं होतं. आत्मचित्र. खाली स्वतःचं नाव, तेही हाताने काढलेलं; कॉम्प्युटरचा एकही फॉन्ट चालणार नाही. साधारण पाच सेकंदांचं, आणि शेवटचं चित्र पहिल्याला असं जोडलेलं की बघणाऱ्याला सांधा कळू नये. फिरत राहिलं पाहिजे, बस्स.

नावाचं मला काही वाटलं नाही. चेहऱ्याचं वाटलं.

नातेवाईकांना ठाऊक आहे, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. डिसेंबर २०१९ मध्ये एका सकाळी चूळ भरताना पाणी डाव्या कोपऱ्यातून गळायला लागलं. आरशात बघितलं तर अर्धा चेहरा झोपलेला. डावा डोळा मिटेना. घरात एकच धावपळ. सासूबाईंनी "वारं गेलं गं बाई" म्हणून देवापुढे दिवा लावला. डॉक्टरांनी मात्र आधी भुवया वर करायला सांगितल्या. माझी डावी भुवई हलेना, कपाळावर त्या बाजूला एक आठी पडेना, आणि ते चक्क "बरं झालं" म्हणाले! मेंदूतल्या झटक्यात बहुतेक वेळा कपाळ वाचतं. ते पूर्ण गेलं असेल तर दोष चेहऱ्याच्या नसेत असण्याचीच शक्यता जास्त. बेल्स पाल्सी. गोळ्या पहिल्या तीन दिवसांत सुरू व्हाव्या लागतात, त्या झाल्या. रात्री डोळ्यावर पट्टी, दिवसा थेंब. बहुतेक लोक काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत पूर्ण बरे होतात.

मी बहुतेकांत बसले नाही. नस परत वाढते, दिवसाला साधारण एक मिलिमीटर, पण वाढताना तिचे काही धागे भलत्याच स्नायूला जाऊन मिळू शकतात. सिन्कायनेसिस म्हणतात त्याला. म्हणजे मी हसायला गेले की डावा डोळा आपोआप बारीक होतो आणि ओठाचा डावा कोपरा उशिरा आणि अर्ध्यावरच येतो. गप्प बसले असताना काही दिसत नाही. पासपोर्टच्या फोटोत मी पूर्वीसारखीच. त्यामुळे गेल्या काही वर्षांतल्या माझ्या कुठल्याही फोटोत बघा, भाचीच्या लग्नाच्या अल्बमात तर बघाच, मी ओठ मिटून, भुवया सरळ ठेवून, इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबासारखी उभी आहे.

साधं आत्मचित्र असतं तर मी तस्संच काढून मोकळी झाले असते. पण हे हलणारं! पाच सेकंद चेहरा हलायचा म्हणजे काय करणार? डोळे मिचकावणार नाहीतर हसणार. दोन्हीत माझी पंचाईत.

म्हणून मी आधी नाव हातात घेतलं. सांगलीच्या मामाचं दुकानांच्या पाट्या रंगवायचं काम होतं. फ्लेक्स आला आणि ते काम संपलं, पण माझ्या लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्याच्या मागे डबा धरून हिंडायचे. पाटीवर खडू लावलेली दोरी ताणून टण्णकन सोडायची, की सरळ रेघ उमटायची. दोन रेघा, वरची आणि खालची, मग त्यांच्यामध्ये अक्षरं. मामा म्हणायचा, "सुनू, रोमन अक्षर जमिनीवर उभं असतं, आपलं वरून टांगलेलं असतं. वरची रेघ नीट बघ, खालचं आपोआप बसतं." पुढे कुठेतरी बोरूचा काप वाचताना कळलं की देवनागरीसाठी तो रोमनच्या उलट बाजूला तिरका छाटतात. मामाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग? त्यात काय नवीन?"

या निमित्ताने कमल शेडग्यांची अक्षरंही पुन्हा काढून बघितली. वर्तमानपत्रात नाटकांच्या जाहिराती बघत वाढलेल्या कुणालाही ती वेगळी दाखवायला नकोत. नाटकाचं नाव वाचायच्या आधीच नाटक विनोदी आहे का गंभीर ते कळायचं. २०२० मध्ये ते गेले. आणि आपण ब्लॉगवाले ज्या मंगल फॉन्टवर वाढलो (हो, तोच, ज्याला आपण सगळे नावं ठेवायचो) तो र. कृ. जोशींचा. पडद्यावर जोडाक्षरं फुटू नयेत म्हणून त्या माणसाने किती डोकं लावलं असेल याची कल्पना मला 'सुनीता' ही तीन साधी अक्षरं काढताना आली. माझ्या नावात एकही जोडाक्षर नाही, आईवडिलांचे उपकार.

नावाचं असं ठरवलं: आधी शिरोरेषा येणार, डावीकडून उजवीकडे, मामाची दोरी सुटल्यासारखी थोडी थरथरत. मग तिला एकेक अक्षर वरून येऊन लटकणार. 'सु' आला की त्याचा उकार जरा झोका घेणार. 'नी'ची वेलांटी मागून येऊन टोपीसारखी बसणार. आणि 'ता'चा काना सगळ्यात शेवटी, घाईत, जरा तिरका.

आता हिशेब. सिनेमात सेकंदाला २४ चौकटी असतात, पण हाताने काढणारे बरेचदा एक चित्र दोन चौकटी दाखवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. पाच सेकंदांना ६०. पण चेहरा आणि अक्षरं वेगवेगळ्या कागदांवर काढली की जिथे चेहरा नुसता थांबलेला आहे तिथे नवीन चित्र लागत नाही. अगदी एकच चित्र ठेवलं तर मात्र ते मेलेलं दिसतं. त्यावर जुनी युक्ती अशी की तेच चित्र तीनदा गिरवायचं आणि ती तीन आलटून पालटून दाखवायची. हात कितीही स्थिर असला तरी तीन रेघा तंतोतंत एक येत नाहीत, आणि तेवढ्या फरकाने चित्र श्वास घेतल्यासारखं दिसतं. चेहऱ्याचे पहिले २० ठोके असे तीन कागदांवर भागले. मग हसू उमलायला १४ कागद, पूर्ण हसू १२ ठोके टिकवायला पुन्हा ३, परत जायला १४. चेहऱ्याचे ३४. अक्षरांचे यायला २६, थांबायला ३, जायला १०. एकूण ७३. पंचिंग मशीनने भोकं पाडून, लाकडी पट्टीवर ठोकलेल्या दोन खुंट्यांत अडकवून, काचेच्या टीपॉयखाली ट्यूब ठेवून हे सगळं केलं. नवरा चहाचा कप ठेवायला जागा शोधत फिरायचा.

(कंटाळा आला तर दादासाहेब फाळके आठवायचे. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीची एकेक चौकट घेतली होती. माझा विषय निदान रात्री झोपायला तरी जात होता.)

अक्षरं झाली. आता चेहरा टाळता येईना.

पहिल्यांदा मी २०१६ चा एक फोटो घेतला, गोव्याला काढलेला, मस्त दात दिसतायत. त्यावरून १४ चित्रांचा कच्चा आराखडा केला. गप्प चेहरा ते गोव्याचं हसू, दोन्ही कोपरे बरोबरीने वर. फोनवर फिरवून बघितलं. टूथपेस्टची जाहिरात! शिवाय ती बाई मी नव्हतेच. क्लासमध्ये सरांना दाखवलं (सर म्हणजे तिशीचा मुलगा, मला ताई म्हणतो) तर ते म्हणाले, "ताई, दोन्ही बाजू एकदम हलवू नका. कळसूत्री वाटतं. एक बाजू दोन चित्रं उशिरा आणा, जरा कमी आणा. एका डोळ्याला वेगळं काहीतरी करू द्या." मग कळलं, की हा त्यांचा स्वतःचा शोध नव्हे. डिस्नेच्या जुन्या चित्रकारांनी हे लिहूनच ठेवलंय. शरीराच्या दोन्ही बाजू जुळ्यासारख्या हलल्या की ते त्याला दोष मानत.

मी सरांकडे बघतच राहिले. त्यांना माझं काहीच माहीत नव्हतं. मी वर्गात हसतच नव्हते ना!

त्या रात्री सगळे झोपल्यावर फोन स्टीलच्या डब्याला टेकवून उभा केला आणि हसले. कशावर हसावं कळेना, म्हणून "काकू, पेरेंट्स बाहेर थांबतात" आठवलं. खरं हसू आलं. मग ते चित्रीकरण एकेक चौकट पुढे सरकवत बघायला बसले. इतक्या वर्षांत मी माझं हसू बघितलंच नव्हतं, आरसा दिसला की तोंड आपोआप मिटायचं. आता चौकट थांबवायची, डोळ्यापासून ओठापर्यंत अंतर पट्टीने मोजायचं, कागदावर खूण करायची, पुढची चौकट. पहिल्या दहा मिनिटांत दोनदा फोन बंद केला. पाणी प्यायले. पुन्हा बसले. विसाव्या चौकटीच्या आसपास मी "इथे डोळा अजून दोन मिलिमीटर खाली" असलं काहीतरी पुटपुटत होते, आणि तो डोळा माझा आहे हे थोडा वेळ डोक्यातून गेलं होतं. डावा कोपरा उजव्याच्या पाच चौकटी मागे आहे. फोनच्या सेकंदाला ३० चौकटी, म्हणजे माझ्या हिशेबात बरोब्बर दोन चित्रं. सरांनी सांगितलेली दोन!

एक घोळ राहिला. आरशात माझी डावी बाजू मला डावीकडे दिसते, लोकांना उजवीकडे. पोस्टरवर कुठली? माझ्या ओळखीचा चेहरा आरशातला. पण आरशातला चेहरा ठेवायचा तर खाली नाव सरळ कसं? नाव वाचणार लोक. म्हणून चेहराही लोकांना दिसतो तसाच ठेवला. तो काढताना सतत वाटत होतं की आपण कुणा बहिणीचं चित्र काढतोय.

शेवटी काढलं असं: 'ता' वरून पडायला लागतो तेव्हा चेहऱ्याला चाहूल लागते, उजवा कोपरा आधी वर जातो, डावा दोन चित्रं मागून, आणि सतराव्या कागदावर डावा डोळा जवळजवळ मिटतो. काना तिरका लटकतो, डोळा मिटलेला, हसू एका बाजूला. लेकीला दाखवलं. ती म्हणाली, "आई, तू डोळा मारतेयस." मी म्हटलं, मारत नाहीये, मिटतोय तो. ती म्हणाली, "माहितेय गं. पण दिसतंय मारल्यासारखं." पुढे दोघी काही बोललो नाही. तिने ते आणखी आठ-दहा वेळा फिरवून बघितलं आणि झोपायला गेली.

जिफ करताना अजून एक गंमत. हा प्रकार १९८७ चा, २५६ च रंग (माझे तीन होते, श्रीमंतीच), आणि प्रत्येक चौकट किती वेळ थांबणार ते सेकंदाच्या शंभराव्या भागात, पूर्णांकात सांगावं लागतं. १२ चित्रांना ८.३३ हवेत, मिळतात ८. म्हणून माझे पाच सेकंद ४.८ झाले. हसू जरा लवकर येतं आता.

प्रदर्शनात एका टीव्हीवर सगळ्यांची पोस्टरं पाळीपाळीने लागली होती. बँकेतल्या दोघी आल्या होत्या. एक म्हणाली, "अय्या, अगदी तुझ्यासारखं!" आणि लगेच गप्प झाली. मी हसले. म्हणजे टीव्हीवरची हसली आणि खालची पण. जरा अवघड झालं, नाही असं नाही. मग आम्ही बटाटेवडे खाल्ले.

मामाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं होतं. तो आता ७९ वर्षांचा आहे, बघायला त्याने चांगले दोन दिवस घेतले. फोन आला तो 'नी'च्या वेलांटीबद्दल. "वरून जाड ठेवलीस, मग खाली उतरताना बारीक व्हायला नको का? आणि काना तिरका कशाला?" मुद्दाम, म्हटलं. "मुद्दाम असेल तर अजून तिरका कर, नाहीतर लोकांना वाटेल हात हलला." चेहऱ्याबद्दल अवाक्षर नाही. ठेवता ठेवता म्हणाला, "त्यातला एक कागद मला पाठवून दे. हलणारं भिंतीला लावता येत नाही."

कुठला पाठवू, विचारलं तर म्हणाला, "तुला वाटेल तो." ३४ कागद टीपॉयवर मांडून बसले होते काल. सध्या सतरावा बाजूला काढून ठेवलाय. पुठ्ठा उद्या आणते.